चूळ

थोरले काका ओकाकारारातून पहाटे निघाले
ते संध्याकाळी पोचले,
मांडीवर रिकामा पिवळा कॅन.

निघताना तो भरलेला होता. गावच्या बोअरचं पाणी,
मचूळ, गंजाच्या चवीचं,
पण घराण्याच्या विस्तवाशेजारी रात्रभर ठेवलेलं.
ओकाहांजाच्या अलीकडे टॅक्सीचा रेडिएटर उकळला.
सात माणसं उन्हात. ड्रायव्हर पोरसवदा, रडकुंडीला आलेला.
काकांनी झाकण काढलं.
"मग काय करायचं होतं?" ते म्हणाले,
"वाडवडील येऊन गाडी ढकलणार होते का?"

बाळ आमचं आठव्या महिन्यातच आलेलं.
डॉक्टरीण म्हणाली, इतक्यात प्रवास नको.
म्हणून विस्तवापाशी आम्ही गेलो नाही, काकाच आले,
तोंडात पाणी धरून
आईवर आणि बाळावर फवारायला,
गेलेल्यांना सांगायला, की हा आपला.
विस्तव टॅक्सीत बसत नाही.
पाणी बसतं, असं वाटलं होतं.

मी नळ सोडला.

पाणी पिऊन जात विचारू नये म्हणतात.
काका आधी विचारणाऱ्यांतले.
"हे तुझ्या कारखान्यातलं?"
"त्यातलंही. धरणाचं, बोअरचं, आमचं, सगळं एकाच पाइपात."
"आणि तुमचं ते, त्याआधी कुठं होतं?"

अकरा वर्षं मी गोरेंगाबला रात्रपाळी करतो.
मला ओझोन सांगता येतो, कोळशाचे थर सांगता येतात,
केसाहून बारीक भोकांच्या नळ्या,
दर तासाला वहीत गढूळपणाचा आकडा:
शून्य, टिंब, पुन्हा शून्य.
शाळेच्या सहली येतात. पोरं नाक धरतात,
मग पैजेवर ग्लास रिकामे करतात.
बाई मात्र पर्समधली बाटली काढतात.
एवढं सगळं येत असून मी काकांना म्हणालो,
"लोकांत होतं."

अल्बर्टिना पलंगावर हसायला लागली,
टाके ओढले म्हणून थांबली.

शेजारची माग्रीत धावत आली,
विकतचं पाच लिटर, सील न फोडलेलं,
कागदावर बर्फाच्या डोंगराचं चित्र.
स्वतः ती चाळीस वर्षं ह्याच नळाचा चहा पिते.
"मोठ्या माणसाला आपलं हे बरं," म्हणाली.
काकांनी चष्मा लावून चित्र पाहिलं.
"हा डोंगर कुठला?"
कुणालाच ठाऊक नव्हतं.
"मग हे पाणी तरी आपल्याला काय ओळखणार."

बराच वेळ नळ तसाच वाहत होता.
मीटर फिरताना मला ऐकू येत होता.

"तुझा बाप ह्याच गावात राहिला ना?
रेल्वेच्या बरॅकीत. सतरा वर्षं.
इथंच आंघोळ, इथंच ताप, इथंच घाम."
हो म्हणालो.
"मग त्याचं थोडं असेल की ह्यात."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं.
कुणाचं काही उरत नाही,
उरू देत नाही, त्याचाच मला पगार.
शून्य, टिंब, शून्य.
मी नळाखाली पेला धरला, तो भरला, त्यांना दिला.

त्यांनी घोट घेतला आणि धरून ठेवला.
गाल फुगलेले, डोळे मिटलेले.
गिळत नव्हते. थुंकत नव्हते.
माग्रीतनं तोंडावर हात ठेवला.
असं किती वेळ, मला सांगता येणार नाही.
ह्या शहराचं सगळं पाणी
त्या दोन गालांत थांबल्यासारखं झालं.

मग फुर्रकन फवारा,
अल्बर्टिनाच्या कपाळावर, दुपट्यावर, थोडा भिंतीवर.
बाळ दचकलं, असं रडलं
की पलीकडच्या घरातला रेडिओ बंद झाला.

मिशी पुसत काका म्हणाले,
"चवीला काहीच नाही. गंजसुद्धा नाही."
तक्रार होती की काय, कळलं नाही.

सकाळी उठलो तर ते नळापाशी,
पिवळा कॅन काठोकाठ भरत होते.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"रेडिएटरसाठी."
आणि झाकण लावण्याआधी
ओंजळभर पिऊन घेतलं.